माझ्या ऐकण्यातले स्नायू

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगून टाकते. मी दारू पीत नाही. कधी प्याले नाही. आमच्याकडे उन्हाळा लागला की घरोघरी मोहफुलं वाळत पडलेली असतात, तो वास जन्मापासून नाकात आहे, पण जिभेला थेंब लावला असेल तर देव पाहून घेईल. आता आजारपणाचं लिहायला बसलेली बाई दारूचं काय घेऊन बसली, असं वाटेल तुम्हाला. पण माझ्या आजाराची सुरुवातच तिथून झाली बाप्पा, त्याला मी काय करू?

मी सुलोचना. गडचिरोली जिल्ह्यात, वैनगंगेच्या अलीकडे आमचं गाव. गावाला मोठा जुना तलाव आहे. आम्ही ढिवर. घरचे पुरुष तलावात जाळं टाकतात, मी मासोळी घेऊन आठवडी बाजारात बसते, आणि पावसाळ्यात धानाच्या बांद्यांत, म्हणजे भाताच्या खाचरांत, राबणं आहेच. दहावीपर्यंत शिकले, म्हणून लिहिताना शाळेची भाषा येते, बोलताना आपली घरची. एक मुलगी, विद्या, वडशाला दिली आहे. आणि विद्याचे बाबा, मारोतराव. घेतलं नवऱ्याचं नाव, हसू नका.

विद्याचे बाबा पूर्वी खूप प्यायचे. जिल्ह्यात दारूबंदी आहे, पण मोहाच्या झाडाला कोणी कुलूप लावलं आहे का? शेवटी गावातल्या आम्ही बायकांनीच समिती काढली. मी अध्यक्ष. आमची पद्धत साधी होती. सांजेला कोणी डुलत आला की त्याला अडवायचं आणि म्हणायचं, "फूक मार." वास आला की दंड, आणि चार लोकांत मान खाली. समितीची पहिली फूक मी घरच्याच माणसाकडून घेतली, सगळ्या गावासमोर. त्यानंतर कितीतरी दिवस ते माझ्याशी धड बोलले नाहीत. पण सुटली त्यांची. माझ्या धाकानं सुटली, असंच मी समजून होते. आणि मनात एक भीती कायम होती की माझा धाक जरा ढिला पडला, तर हा माणूस पुन्हा त्या वाटेला जाईल.

दोनाच्या चार

पहिल्यांदा उजव्या डोळ्याची पापणी पडायला लागली. सकाळी काही नाही. बाजारात बसले, मासोळी कापून देता देता ऊन उतरलं की पापणी खाली. वर करायला जावं तर कपाळाला आठ्या पडायच्या, पापणी तिथेच. टोपल्यात दोन रोहू असल्या तर मला चार दिसायच्या. म्हटलं, चला, धंदा वाढला!

"बाई, झोप येऊन राह्यली का?" गिऱ्हाईक विचारायचं.

मी मासोळीच्या पेटीतला बर्फाचा खडा पदरात धरून डोळ्याला लावायची. पापणी वर जायची. मला वाटायचं, उन्हानं होत असेल, गार वाटलं की बरं वाटतं. चष्मेवाल्यानं चष्मा दिला. चष्म्यातूनही चारच दिसल्या.

मग जेवताना जबडा थकायला लागला. पहिले चार घास ठीक. मग तोंड उघडंच राहायचं, आणि हनुवटीला हातानं वर ढकलून घास चावायचा. पाणी प्यायले की नाकातून यायचं. बोलणं सांजेपर्यंत इतकं गेंगाणं व्हायचं की माझं मलाच परकं वाटायचं. शब्द जिभेवरून घसरायचे. एकदा तलावाच्या पाळीवरून येताना गुडघा वाकला आणि मी बसकण मारली, ती उठताच येईना. दोन पोरींनी हात धरून घरी आणलं.

आता तुम्हीच सांगा. डोळे अर्धे मिटलेले, जीभ जड, पाय लटपट, आणि सगळं सांजेला. आमच्या गावात याला दुसरं नावच नाही.

मी मारलेली फूक

कुजबूज माझ्यापर्यंत सगळ्यात शेवटी आली. समितीची बैठक बोलावली ती माझ्यासाठीच, हे मला तिथे गेल्यावर कळलं. गिरजाबाई माझी जवळची. समिती काढली तेव्हा पहिली माझ्यासोबत उभी राहिलेली. तीच उठली.

"सुलोचनाबाई, राग नोका मानू. पण नियम सर्वायले सारखा हाय, तुमीच सांगतलं होतं. फूक मारा."

अई माय! अंगाचा नुसता संताप झाला. पण मनात म्हटलं, मारते, पाहून घ्या. आणि मारायला गेले तर फूक येईना. गाल फुगेनात. ओठ मिटेनात. हवा सगळी नाकातून फुस्स करून गेली.

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांचंही काय चुकलं म्हणा. फूक मारायला लावली की प्यालेला माणूस हेच करतो. श्वास आवरतो, नाकातून सोडतो, तोंड फिरवतो. आम्हीच शिकवलं होतं सगळ्यांना, की फूक टाळणारा तो प्यालेला. मी बोलायला गेले तर शब्दांचा चेंदामेंदा झाला. डोळ्यांतून पाणी आलं, तेवढंच काय ते माझ्या अंगातून नीट बाहेर पडलं.

विद्याचे बाबा दाराशी बसले होते. बायकांच्या बैठकीत पुरुष बोलत नाहीत आमच्याकडे. ते उठले.

"मी बोलू का? ह्या गावात प्यालेल्या माणसाले माह्यापेक्षा जास्त कोण ओळखते?"

गिरजाबाईनं मान हलवली.

"पिणारा सकाळी डोकं धरून उठते. हात थरथरते त्याचे. दुपारी सावरते अन् सांजेले वाघ होते. हिचं उलटं हाय. सकाळी चार जणाचं काम करते, दुपारी अर्धी होते, सांजेले विझते. अन् घंटाभर निजली का पुन्हा बोलाले लागते. दारू अशी उतरत नाई. हे काई दुसरं हाय. पाहा मंग तुमी."

ज्या माणसाची मी भर चौकात फूक घेतली होती, तो माणूस हात जोडून माझ्यासाठी बोलत होता. मला तिथे मरून जावंसं वाटलं, आणि त्याच क्षणी त्यांच्या गळ्यात पडावंसंही वाटलं. गिरजाबाईनं डोळे पुसले आणि एवढंच म्हणाली, "मंग थांबता कायले? उद्या दवाखान्यात न्या. मी येते संग."

ज्या दिवशी नाव कळलं

तालुक्याच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरबाई होत्या. गर्दी खूप, तरी त्यांनी विद्याच्या बाबांचं सगळं ऐकून घेतलं. मला म्हणाल्या, वर पंख्याकडे पाहत राहा, पापणी हलवायची नाही. मी पाहत राहिले. हळूहळू पंखा दिसेनासा झाला, कारण पापण्याच खाली आल्या. मग म्हणाल्या, मोठ्यानं आकडे म्हणा. विसाच्या आसपास आवाज नाकात गेला.

"सिस्टर, लसीच्या डब्यातला बर्फ आणा जरा."

बर्फाची थैली डोळ्यावर धरली. थोड्या वेळानं काढली, तर डोळा टक्क उघडा. गिरजाबाई जागेवरून उठलीच, "अवो माय, हे तं जादू हाय!"

"मी बाजारात रोजच हे करते," मी म्हटलं.

डॉक्टरबाई हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. म्हणाल्या, नागपूरला रक्त पाठवावं लागेल, तारा लावून स्नायूंची तपासणी करावी लागेल, पण मला वाटतं हा मायस्थेनिया ग्रेव्हिस असेल. नाव ऐकून विद्याच्या बाबांचा चेहरा उतरला. मला मात्र, खरं सांगते, बरं वाटलं. कसं का असेना, नाव तरी होतं, आणि ते दारू नव्हतं.

मग त्यांनी एका चिठ्ठीच्या मागच्या बाजूला चित्र काढून समजावलं. आपण ज्याला मांस म्हणतो तो दंडाचा स्नायू म्हणजे धाग्यांच्या जुड्या. जुडीत धागा, धाग्यात आणखी बारीक तंतू, आणि ते तंतू दोन जातीचे, एक जाड, एक बारीक. हात वाकवला की स्नायू आखडतो, पण तंतू काही लहान होत नाहीत. जाड तंतूंना इवले इवले हात असतात. ते बारीक तंतूंना दोन्हीकडून धरतात, ओढतात, सोडतात, पुन्हा पुढे धरतात. तंतू एकमेकांत सरकतात, आणि तेवढा स्नायू आखूड होतो.

विद्याचे बाबा चित्राकडे पाहत म्हणाले, "म्हंजे आमी तलावात मोठं जाळं ओढतो तसं. दोन काठावर माणसं, हातावर हात टाकून दोर ओढते. दोर काई लहान होत नाई, जाळं मधात जमा होते."

"अगदी तसं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आता मला सांगा, ओढायचं कधी ते कोण सांगतं?"

"मी सांगतो. मी हाक देतो."

"तशी हाक मेंदूकडून नसेतून येते. नसेच्या टोकाला एक रस सुटतो आणि स्नायूवर तो रस झेलणारे कान असतात. यांची हाक बरोबर आहे. ओढणारे हातही धड आहेत. पण शरीराचे जे राखणदार रोगाशी लढतात, ते चुकून या कानांवरच उठलेत. पहिल्या हाकेला थोडं ऐकू जातं, दहाव्या हाकेला काही नाही. विश्रांती घेतली की पुन्हा थोडं ऐकू येतं."

मी विचारलं, "मग हृदय? तेही मांसच ना?" ती भीती आधी मनात आली होती.

हृदयाची जात वेगळी, म्हणाल्या. आतड्याचीही. ती आपल्याला विचारून चालत नाहीत. तुमच्या मनासारखे जे चालतात, त्याच स्नायूंना हा आजार धरतो. डोळा, जीभ, जबडा, हात, पाय. परतीच्या एसटीत मी हाच विचार करत होते. जे माझ्या ऐकण्यातले, तेच बिघडले. जे मला कधी मोजतच नव्हते, ते सुखात चालू होते. घरच्यांचंही असंच असतं म्हणा.

गोळीच्या वेळा

नागपूरच्या तपासणीत तेच निघालं. गोळ्या सुरू झाल्या. गोळीनं तो रस जरा जास्त वेळ टिकतो, म्हणजे हाक लांबते. जेवणाच्या अर्धा तास आधी गोळी घ्यायची, म्हणजे जेवण होईपर्यंत जबडा साथ देतो. सुरुवातीला पोटात मुरडा यायचा, लाळ सुटायची. सवय झाली.

अंगातली ताकद म्हणजे सकाळी भरून ठेवलेला पाण्याचा हंडा, हे मला हळूहळू कळलं. केस विंचरले तर तेवढं पाणी गेलं. कोणाशी भांडले तर अर्धा हंडा गेला. आणि मी भांडणारी बाई! मला गप्प बसायला लागलं, यापेक्षा मोठी शिक्षा देवाला सुचली नसती.

विद्या आली. म्हणाली, आईला मी वडशाला नेते, बाबाले काय समजते स्वयंपाकातलं? तिचे बाबा म्हणाले, "शिकीन." बापलेकीचं कडाक्याचं वाजलं. विद्या रडत परत गेली, आणि इकडे हा माणूस खरंच शिकला. भात मऊ शिजवून पळीनं घोटायचे, काटे काढून मासोळी कुस्करायचे, आणि मी गिळेपर्यंत समोर बसून राहायचे, जसं काही घास मीच नाही, तेही गिळत आहेत. तिखट मात्र हात सैल सोडून टाकायचे. सांगायला तोंड थकलेलं असायचं, म्हणून खायची.

आणि हसू. हे कोणी सांगत नाही म्हणून लिहिते. या आजारात ओठांचे कोपरे वर जात नाहीत. हसायला गेले की दात विचकल्यासारखं होतं.

"काऊन रागावली?" ते विचारायचे.

"अवो, मी हसून राह्यली!"

मग ते हसायचे. दोघांच्या वाटचं तेच हसायचे.

नळी

हिवाळ्यात सर्दी झाली. साधी सर्दी, गावात सगळ्यांना झाली होती. मला मात्र खोकायची ताकद राहिली नाही. मान उचलेना, हातानं धरून बसावं लागे. मग आडवं पडलं की श्वास पुरेना. एका श्वासात एकच शब्द निघायचा. "पा." पुढचा श्वास. "णी."

डॉक्टरबाईंनी पाहिलं आणि तडक गाडी नागपूरला पाठवली. छातीपोटाच्या मधला जो पडदा श्वास ओढतो, तोही याच जातीचा स्नायू. तोही माझं ऐकेनासा झाला होता. नागपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात आयसीयूत घेतलं, घशात नळी घातली आणि श्वासाचं काम मशीनकडे दिलं.

तिथले दिवस मी डोळे मिटून काढले, कारण उघडता येत नव्हते. लोकांना वाटायचं मी बेशुद्ध आहे. मी पूर्ण शुद्धीत होते! सुई टोचली की दुखायचं, पायाला थंडी वाजायची, डास चावला की खाज यायची. फक्त खाजवता येत नव्हतं. ज्यांचं माणूस असं पडलेलं असेल, त्यांना हात जोडून सांगते, त्याच्या उशाशी बसून त्याच्या मरणाच्या गोष्टी करू नका. त्याला सगळं ऐकू येतं.

एक सिस्टर होत्या, भंडाऱ्याकडच्या. रक्तातले ते चुकलेले राखणदार मशीननं काढून टाकायचं काम चालायचं, तेव्हा त्या बाजूला उभ्या राहायच्या आणि मला सगळं सांगत राहायच्या. "आत्ता डावीकडं वळवते हं मावशी. आत्ता थंड लागेल." एक दिवस भेटीच्या वेळी त्यांनी दोन बोटांनी माझी पापणी हळूच उचलली आणि म्हणाल्या, "बघा मावशी, कोण आलंय." विद्याच्या बाबांचं तोंड दिसलं. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले, गळ्याजवळची शर्टाची गुंडी चुकीच्या काजात. सिस्टरनं पापणी सोडली, पण ते तोंड आतच राहिलं.

मरणाची भीती होतीच. पण खोटं कशाला बोलू, मरणापेक्षा मोठी भीती दुसरी होती. आमचा जिल्हा सोडला की दारू उघड्यावर मिळते. नागपुरात तर पावलोपावली. हा माणूस ओळखीचं कोणी नसलेल्या गावात, दवाखान्याच्या व्हरांड्यात चटई टाकून झोपतो. बायको मशीनवर. मुलगी रुसलेली. असा माणूस पिणार नाही तर काय करेल? आणि प्याला तर अडवायला मी कुठे? डोळे नाहीत, आवाज नाही, हात उचलत नाही. माझा सगळा धाक त्या खाटेवर आडवा पडला होता.

पहिल्याच भेटीला ते खाली वाकले. माझ्या गालाला गरम वाफ लागली. त्यांनी तोंड उघडून 'हाऽ' केलं होतं. "घे," कानाशी म्हणाले. "घेतला का वास? काई नाई, पाह्य. तू काळजी नोको करू."

मला रडू आलं. कारण मला वासच येत नव्हता. श्वास घशातल्या नळीतून चालला होता, नाकातून वाराच जात नव्हता. मोगरा आणून ठेवला असता तरी कळला नसता. आणि हे त्यांना सांगायची सोय नव्हती. रोज भेटीची वेळ झाली की ते यायचे, वाकायचे, 'हाऽ' करायचे आणि म्हणायचे, "घे." मी रोज ती वाफ गालावर घ्यायची. वाफ खरी होती. बाकीचं मला काही माहीत नव्हतं. विश्वास ठेवायचा, की नाही ठेवायचा, एवढंच माझ्या हातात उरलं होतं. कधी ठेवायची. कधी, वाईट वाटतं लिहायला, नाही ठेवायची.

परत

हळूहळू राखणदार थंडावले. आधी बोटं हलली. मग एक दिवस एक डोळा चिरेसारखा उघडला आणि छतावरचा नळीचा दिवा दिसला, इतका सुंदर दिवा मी आयुष्यात पाहिला नाही. मशीन थोडं थोडं कमी करत गेले. नळी काढली तेव्हा पहिला वास आला तो फिनेलचा, आणि मी तो पोटभर घेतला. विद्या धावत आली होती. बापलेक बाहेर एकमेकांना धरून रडले म्हणे. बरं झालं, माझ्यासमोर रडले असते तर मीही रडले असते, आणि तेवढी ताकद नव्हती.

आता मी घरी आहे. गोळ्या चालू आहेत, नागपूरच्या फेऱ्या चालू आहेत. छातीतल्या एका ग्रंथीचं ऑपरेशन करायचं की नाही ते डॉक्टर ठरवत आहेत. बाजारात मी सकाळचीच बसते, दुपार व्हायच्या आत गिरजाबाई टोपलं उचलून देते. समितीनं पद्धत बदलली आहे. सांजेला कोणी डुलताना दिसला तर आधी विचारतात, "बाबू, बरं नाई का?" मग फूक. माझ्यामुळे गावाला एवढी अक्कल आली.

तुमच्या घरी असं कोणी असेल तर चारच गोष्टी सांगते. सकाळी चांगलं आणि सांजेला विझलेलं माणूस दिसलं, तर त्याला आळशी म्हणू नका, दारुडा म्हणू नका, दवाखान्यात न्या. दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरकडे गेलात तर आधी या आजाराचं नाव सांगा, कारण काही औषधं याला चालत नाहीत. साधी सर्दी अंगावर काढू नका. आणि थकलात की बसा. बसण्यात लाज नाही, हे शिकायला मला मरणाच्या दारात जावं लागलं.

आजार अजून अंगात आहे, पण आम्ही एकमेकांना ओळखून आहोत. एवढं लिहून मी थांबणार होते. पण परवाचं सांगितलं नाही तर हे सगळं अर्धं राहील.

परवा सकाळी विद्याचे बाबा अंगणात जाळं दुरुस्त करत बसले होते. मी जवळ खाटेवर. कितीतरी दिवस मनात घोळत होतं ते एकदाचं बोलून टाकलं.

"एक सांगू? रागावू नोका."

"सांग."

"दवाखान्यात तुमी रोज माह्या तोंडावर हाऽ करत होते ना, मले काईच वास येत नोता. श्वास नळीतून होता. मी नुसती पडून होती."

त्यांनी गाठ मारली, दातानं दोरा तोडला.

"माहीत हाय मले."

"काय माहीत हाय?"

"सिस्टरनं दुसऱ्याच दिवशी सांगतलं. म्हणे, बाबा, उगाच कायले वाकता, मावशीले वास येत नाई."

माझं तोंड उघडंच राहिलं. या वेळी आजारानं नाही.

"दुसऱ्याच दिवशी? अन् तरी रोज?"

त्यांनी सुईत दुसरा दोरा ओवला. मग म्हणाले, "दवाखान्याच्या फाटकासमोरच दुकान होतं. सिस्टरनं सांगतलं त्या दिवशी मी तिथी लय वेळ उभा होतो. म्हटलं, आता कोणाले कळते?"

"मंग?"

"मंग भेटीची वेळ झाली. तुह्या तोंडावर दारूचा श्वास सोडाले मन नाई झालं. तुले कळो का नोको कळो."

त्यांनी जाळ्याचं एक टोक उचलून माझ्या हातात दिलं.

"धर," म्हणाले. "थकली का सोडून देजो."